आधी अंधार करा, भाचीबाई

मामा गेला. दवाखान्यातून त्याला घरी आणलं आणि अंगणात ठेवलं. लोक एकेक करून पुढे येत होते, त्याच्या पायाला हात लावत होते, मागे सरत होते. पाय एकच होता; दुसरा त्याच्या आधी गेला होता. माझी पाळी आली तेव्हा आईनं माझं मनगट धरलं.

"तू नोको," ती म्हणाली. "त्याले पाप लागन."

मी मागे सरले.

महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगावं लागेल. आम्ही भिलाईचे. इथे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पाया पडतो. छत्तीसगड म्हणजे कौसल्येचं माहेर, असं इथे मानतात. तेव्हा राम इथला भाचा. ज्या मुलखाचा भाचा राम, तिथे कुठल्या भाच्याला कमी लेखायचं? भाचीलाही तोच मान. माझे आजोबा भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले आणि त्यांना शेजार छत्तीसगढी साहूंचा मिळाला. साहूंकडून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या. उन्हाळ्यात सकाळी बासी खायची, म्हणजे आदल्या रात्री पाण्यात भिजवलेला भात. आणि भाच्या-भाचीच्या पाया पडायचं. बासी पुढच्या पिढीला पचली नाही. पाया पडणंही बाकीच्या नातेवाइकांनी लग्नकार्यापुरतं ठेवलं. माझा मामा मात्र, डॉक्टर गोविंद लांजेवार, एका खाजगी कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक, रोज सकाळी माझ्या पाया पडायचा.

रोज म्हणजे रोज. आणि कुठेही.

मी नागपूरला शिकत होते तेव्हा एका सुट्टीत दोन मैत्रिणी माझ्याबरोबर आल्या. दुर्ग स्टेशनवर गाडी थांबली, मी उतरले, आणि टेरिकॉटची पँट आणि जाड चष्मा घातलेला एक माणूस गर्दीतून वाट काढत आला तो थेट माझ्या पायांशी वाकला. एका हमालानं डोक्यावरची पेटी सावरत थांबून बघितलं. मैत्रिणींपैकी एकीनं हळूच विचारलं, "हे तुमच्याकडे कामाला असतात का?"

"मामा आहे माझा."

"मग तू असं काय केलंस?"

म्हणजे मी असा कुठला पराक्रम केला, की घरातलं वडीलधारं माणूस फलाटावर माझ्यासमोर वाकतं. याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही आणि पुढेही आलं नाही. बोलणी खाल्ल्याची लाज चार दिवसांत जाते. न कमावलेल्या नमस्काराची जात नाही, ती रोज सकाळी नव्यानं अंगावर येते.

पुढे मी मामाच्याच कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले. राहायचो एकाच घरात, स्मृतिनगरमध्ये: आई, मी आणि मागच्या खोलीत मामा. बाबा लवकर गेले, मामानं लग्न केलं नाही. त्याला सकाळी लवकर प्रॅक्टिकल असायचं, म्हणून तो माझ्या आधी सायकलनं निघायचा आणि नमस्कार राहून जायचा. तो नमस्कार तो कॉलेजच्या फाटकात वसूल करायचा. बीएस्सीची पोरं दोन्ही बाजूंना उभी, मधून मी, आणि समोरून सायकल स्टँडला लावून मामा. पहिल्या आठवड्यातच प्राचार्यांनी ते पाहिलं.

"लांजेवारजी, ये क्या हो रहा है?"

"सर, भांजी है।"

"अच्छा, भांजी है!" प्राचार्यांचा चेहरा एकदम निवळला. "पहले बताना था।" आणि त्यांनीही मला हात जोडले. दुसऱ्या दिवशी चौकीदारानं जोडले. मी मागच्या बाजूनं, कँटीनच्या बोळातून आत जायला लागले. तिसऱ्या दिवशी मामा बोळात उभा होता.

"इकडून काहाले आल्या, भाचीबाई? इकडं चिखल हाय."

तो मला अहो-जाहो करायचा. मी त्याला अरे-तुरे. ही आमच्या घरातली रीत ऐकून भंडाऱ्याचे पाहुणे जेवता जेवता थांबायचे.

त्या नमस्कारातही त्याचं शास्त्र होतं. वाकला की तो माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबायचा. नख पांढरं पडायचं. सोडलं की गुलाबी व्हायचं. "आलं," असं म्हणायचा आणि उठायचा. रक्त परत आलं, असा त्याचा अर्थ. थंडीत मी मोजे घातले की तो रुसायचा, आणि एका मैत्रिणीच्या लग्नासाठी मी नखांना रंग लावला तेव्हा, "खिडकीले पेंट मारला का जी कोनी," असं म्हणाला.

हे खूळ कुठून आलं ते आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तक्रारीच्या सुरात. "ही जनमली तवा निळी होती. रडलीच नाही. काचीच्या पेटीत ठेवलं. सगळी फडक्यात गुंडाळली, पाय तेवढे बाहेर. अन् हा गोइंद्या काचीले नाक लावून उभा. नर्सबाई हाकलून राहिली, हा हालत नाही. पाय गुलाबी झाले तवा घरी येऊन जेवला. तवापासून डोकं फिरलं त्याचं. मॅट्रिक झाला होता, कामर्स घेनार होता. सायन्स घेतलं. कामर्स घेतलं असतं तं बँकेत लागला असता, आज पेन्शन असती."

आईच्या हिशेबी माझ्या जन्मानं घराचं एवढंच नुकसान झालं होतं.

सायन्स घेऊन मामा पार दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत पोचला. तिथे त्यानं जे काम केलं ते समजायला सोपं आहे, करायला अवघड. काही रंग असे असतात की त्यांच्यावर निळा उजेड टाकला की ते लाल चमकतात. पण जवळ प्राणवायू असला, की तो त्यांची चमक खाऊन टाकतो. प्राणवायू भरपूर, तर रंग मंद. प्राणवायू नाही, तर रंग निखाऱ्यासारखा. असा रंग जिवंत पेशींमध्ये सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं, कुठे श्वास पोचतो आणि कुठे पोचत नाही. खरं मोजमाप करायचं तर निळा उजेड बंद केल्यावर ती लाल चमक विझायला किती वेळ घेते ते मोजावं लागतं. तो वेळ इतका थोडा असतो की डोळ्याला कळत नाही, त्याला यंत्र लागतं. मामानं तिथे पेशींचे बारीक गोळे पाहिले होते. बाहेरच्या पेशी मंद, आणि मधोमध, जिथे श्वास पोचत नव्हता, तिथे लालभडक.

"बाहेर अमावास्या अन् मधात दिवाळी," तो सांगायचा. "अन् मरून कोन राहिलं? दिवाळीवाले."

मग बाबा गेले. मामा दक्षिणेतलं काम सोडून भिलाईला परत आला, आम्हा दोघींपाशी. यंत्रं तिकडेच राहिली. त्याच्याबरोबर आल्या त्या फक्त काही पट्ट्या. नखाएवढ्या, पारदर्शक, तो रंग मुरवलेल्या. काळ्या कागदात गुंडाळून त्या आमच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या खणात ठेवलेल्या असत. संपल्या की तो कुठून तरी रंग मागवून कॉलेजात नव्या करायचा. लोणी आमच्याकडे फडताळात असायचं आणि वितळायचं.

अंधार हवा म्हणून त्यानं आमचं बाथरूम घेतलं. झरोक्याला काळा कागद, दाराच्या फटीला आईचं जुनं लुगडं. आत एक निळी बत्ती, एक लाल काच, मोडाच्या मुगाची बंद बाटली, तिच्यात पट्टी, आणि मामा. एकदा भंडाऱ्याहून आईचे दीर आले. प्रवासातून आलेला माणूस, त्याला पहिल्यांदा जिथे जायचं असतं तिथेच मामा बसलेला.

आईनं दार वाजवलं. "गोइंद्या, भाऊजी उभे हायत."

"मूग श्वास घेऊन राहिले, बाई. थांबाले सांग."

"मूग श्वास घेते, अन् भाऊजीनं काय श्वास धरून उभं राहावं?"

दीर बिचारे शेजाऱ्यांकडे जाऊन आले. जेवताना त्यांनी विचारलं, "मुगाचं काय झालं मग?" त्यांना टोमणा मारायचा होता. मामा आनंदानं ताट सोडून उठला आणि त्यांना हाताला धरून बाथरूममध्ये घेऊन गेला. आतून त्याचा आवाज येत होता, "आधी अंधार करा. आधी अंधार करा, मंग दिसन."

"आधी अंधार करा" हे त्याचं पेटंट वाक्य. कोणाच्याही घरी गेला की त्याचा हात बटणाकडे जायचा. फ्रिज उघडल्यावर आत दिवा का लागतो, या गोष्टीवर त्याचा कंपनीशी जन्माचा वाद होता. दुसरं वाक्य होतं, "जे चमकून राहिलं, ते गुदमरून राहिलं." हे तो पट्टीबद्दल म्हणायचा, पण पट्टीपुरतं ठेवायचा नाही. कुरुदला एका लग्नात भर मे महिन्यात नवरदेव जरीची शेरवानी घालून मंचावर बसला होता, दिव्यांच्या झोतात. मामानं मला कोपर मारलं. "पाहा, भाचीबाई. जे चमकून राहिलं..." आणि मी अडवायच्या आत मंचावर चढून त्यानं नवरदेवाच्या गळ्याची बटणं सोडली. व्हिडिओवाल्यानं ते सगळं घेतलं. नवरदेव मात्र पुढे कित्येक वर्षं दिवाळीला मामाला मिठाई देऊन जायचा. त्या दिवशी भोवळ येत होती, सांगायची लाज वाटत होती, असं म्हणायचा.

आईच्या डोशाच्या पिठातही पट्टी गेली होती. काचेच्या बरणीत पीठ, बरणीला आतून पट्टी. रात्रभर पीठ आंबलं आणि सकाळी मामा नाचत स्वयंपाकघरात आला.

"बाई, लाल झाली! तुया पिठातल्या जीवांनं सगळा प्राणवायू खाल्ला."

"माया पिठात जीव?" आईनं उलथनं खाली ठेवलं. "मंग एकादशीले चालते का नाही?"

मामानं यावर खरोखर विचार केला. "एकादशीले तसाही डोसा चालत नाही, बाई."

पट्टीची परीक्षा घ्यायला प्राणवायू नसलेली हवाही लागायची. ती तो पेट्रोल पंपावरून आणायचा, जिथे मोटारींच्या चाकांत नायट्रोजन भरतात. खांद्यावर सायकलची ट्यूब हारासारखी घालून तो रांगेत उभा राहायचा, पुढे मोटार, मागे मोटार.

"सर, गाड़ी कहाँ है?"

"गाड़ी नहीं है। ट्यूब है।"

भरलेली ट्यूब गळ्यात घालून तो स्मृतिनगरच्या रस्त्यानं चालत यायचा, आणि मी समोरून येत असले तर तशाच अवतारात वाकायचा. ट्यूब माझ्या गुडघ्याला लागून उसळायची. कॉलनीतल्या बायका गॅलरीत. मी त्या वेळी बॅगेतून पुस्तक काढून त्यात डोकं घालायचे. भर रस्त्यात, उभ्यानं. त्यामुळे कॉलनीत मी फार वाचणारी म्हणून प्रसिद्ध झाले.

मग एका उन्हाळ्यात मामा मोजे घालायला लागला.

भिलाईचा मे महिना. लोक अंगावरचे कपडे काढायला निमित्त शोधत असतात. मामा घरातसुद्धा मोजे घालून बसायचा, डावा पाय मांडीखाली दडवून. त्याच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या जळायला लागल्या. आई खूश झाली. "गोइंद्या देवाले लागला. उमरच हाय." मामाला शुगर होती, हे आम्हाला माहीत होतं. ती तो गोळ्यांवर ठेवतो आणि बुंदीच्या लाडवावर वाढवतो, हेही माहीत होतं. तरी उदबत्त्यांचा संबंध आम्ही देवाशीच लावला.

रोजचा नमस्कार हळू होत गेला. तो भिंतीला धरून वाकायचा, नख दाबायचा, "आलं" म्हणायचा, आणि उठायला वेळ लावायचा. एका सकाळी तो खालीच राहिला. मी हात देऊन उठवायला वाकले, तेव्हा उदबत्तीच्या खाली दडलेला वास मला आला.

"मामा, पाय दाखव."

"काही नाही. नवी चप्पल चावली."

"दाखव."

"तुमाले?" तो दचकलाच. "भाचीनं मामाच्या पायाले हात लावावा? कोन्या नरकात जाईन मी?"

आई आली. आईलाही दाखवेना. "तू मोठी हायस, बाई. तुयासमोर पाय करू का?" डॉक्टरकडे चल म्हटलं तर "पाहू, पाहू." आईनं शेवटी त्याच्या दारासमोर ठिय्या दिला. "पाय सडून राहिला असन तं कापतीन रे, गोइंद्या! तुले समजते का?" आतून नवी उदबत्ती पेटल्याचा वास तेवढा आला.

उभा जन्म ज्यानं मूग, पीठ, पेशी, माझी नखं, कोणाचा श्वास कुठे अडतो हे शोधण्यात घालवला, तो स्वतःचा पाय मोज्यात बांधून बसला होता. आणि कारण काय, तर घरात तो पाय हातात घ्यायला दोनच माणसं होती, आणि दोघींनी घेणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. एक थोरली बहीण, एक भाची. बाहेरच्यांना दाखवायची लाज, घरच्यांना दाखवायचं पाप.

मी दुपारी त्याच्या दाराशी गेले. आईसारखं ओरडले नाही. मला ओरडता येत नाही.

"मामा, तुझी पट्टी कातडीवर लावून मोजता येतं ना? तूच म्हणतोस."

आत खाट करकरली. मग मास्तरांचा आवाज आला. "येते. आधी कातडी शेकून घ्या लागते. मंग मलम, मंग पट्टी. हवा लागली नाही पायजे."

"मग मोज."

"एकट्यानं नाही होत. पट्टी दाबून धरा लागते, बत्ती धरा लागते, लाल काच धरा लागते. दुसरा मानूस पायजे."

"मी आहे."

"तुमी नाही."

मी दाराला टेकून उभी राहिले.  मग त्याचंच वाक्य तोंडात आलं.

"आधी अंधार कर, मामा. अंधारात कोणी कोणाचा पाय धरला ते कोणाला दिसतंय?"

 मग कडी निघाली.

बाथरूमचा झरोका झाकलेलाच होता. आई बाहेर स्टुलावर बसली, राखण करायला. मामा उलट्या बादलीवर बसला, मी खाली फरशीवर. दार लावलं, लुगडं फटीत कोंबलं, आणि काही दिसेनासं झालं. मोजा काढतानाचा आवाज आला. वास आला. मी तोंडानं श्वास घ्यायला लागले आणि तो त्याला ऐकू जाऊ नये असं मला वाटत होतं.

"पान्याचं फडकं आधी तुमच्या कोपराले लावून पाहा," तो म्हणाला. "त्या पायाले गरम-थंड समजत नाही मले."

हे वाक्य त्यानं उजेडात कधी म्हटलं नसतं.

मी फडकं कोपराला लावून पाहिलं, मग त्याच्या दंडाला. आधी दंडावर मोजायचं, म्हणजे चांगल्या कातडीची खूण मिळते, असं तो शिकवत होता, आवाज वर्गातला. दंडावर पट्टी दाबली, निळी बत्ती लावली, लाल काचेतून बघितलं. मंद. असून नसल्यासारखी.

"बराबर. आता खाली."

मी त्याची टाच हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. तो आखडला, पण पाय काढून घेतला नाही. मी पाय शेकला, बोटांच्या जरा वर, जखमेपासून दूर, मलम लावून पट्टी दाबली. बत्ती लावली.

पट्टी पेटली. दुसरा शब्द नाही. तिच्या लाल उजेडात मला त्याची बोटं दिसली, त्यातलं एक काळं.

"वा!" मामा ओरडला. "काय सिग्नल हाय, भाचीबाई! जनमभरात असा सिग्नल नाही भेटला मले!"

आणि मग तो पट्टीकडे बघत राहिला. जे चमकून राहिलं ते काय करून राहिलं, हे त्या बाथरूममधल्या दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

बाहेरून आई म्हणाली, "काय रे? दिसलं का काही?"

"दिसलं, बाई," तो म्हणाला. मग मला, हळू, "बत्ती बंद करा."

मी बत्ती बंद केली. त्याबरोबर पट्टीही विझली. टाच माझ्या हातात होती, शेकूनही गार. मी ती सोडली नाही. वाकले. त्याच्या पावलावर माझं कपाळ टेकलं.

त्यानं पाय हलवला नाही. माझ्या केसांवर वरून एक थेंब पडला असं वाटलं, पण ते बाथरूम होतं, नळ गळका होता.

मी उठायला लागले, बटणाकडे हात नेला.

"इतक्यात लाईट लावू नोका," मामा म्हणाला.

आम्ही बसून राहिलो.

त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात आला, न भांडता. डॉक्टरांनी उशीर झाला असं सांगितलं. पाय गुडघ्याखालून गेला. शुद्धीवर आल्यावर मामाची पहिली तक्रार अशी, की आता वाकता येत नाही. मग त्यानं तोड काढली. जनरल वॉर्डात, सगळ्या खाटांसमोर, त्यानं मला स्टूल ओढायला लावलं.

"पाय वर ठेवा, भाचीबाई."

"मामा, लोक आहेत."

"ठेवा."

मी चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवला. सलाइन लावलेला हात पुढे आला. नख दाबलं, सोडलं. "आलं." शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बघत होता. त्याच्या म्हातारीनं त्याला समजावलं, "भाँची हे त पाँव परही च." भाची आहे म्हटल्यावर पाया पडणारच. म्हातारा समाधानानं कुशीवर वळला. माझी मान खालीच होती. वर बघितलं असतं तर त्या वॉर्डातल्या कोणीही विचारलं असतं, तू असं काय केलंस.

तो रोज दुपारी तसं करायचा. एका दुपारी त्यानं नख दाबलं आणि सोडायचं राहून गेलं. त्याला झोप लागली होती. मी पाय तसाच ठेवला. ताप पुन्हा चढला होता, जखमेतलं विष रक्तात गेलं होतं. त्यातून तो उठला नाही.

अंगणात आईनं मनगट धरलं तेव्हा मी हुज्जत घातली नाही, ती त्या बाथरूममधल्या अंधारामुळे. जमलेल्या लोकांपैकी एक-दोघांना ते खटकलंही असेल, की एवढं केलं त्यानं हिच्यासाठी, आणि ही साधी पाया पडली नाही.

बाथरूमच्या झरोक्याचा कागद आम्ही काढला नाही. सायकलची ट्यूब खिळ्याला आहे, हवा गेलेली. लोण्याच्या खणात काळ्या कागदात एक पट्टी उरली आहे. लोणी आई अजून फडताळात ठेवते.

कधी दुपारी मी आत जाते, दार लावते, पाय शेकते आणि पट्टी लावून बघते. पट्टी अजून चालते, मुगाच्या बाटलीत लाल होते. माझ्या पायावर ती चमकत नाही.